महिन्याला अर्धा किलो: हळूहळू वजन उतरवताना धीर कसा टिकवायचा

पूर्वी स्टेशनवर ते वजनाचं मशीन असायचं, आठवतंय का? रुपयाचं नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे, चकती गरगर फिरायची आणि खालून खट्कन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आईबरोबर दादरला उतरले की मी हट्ट करून त्याच्यावर चढायचे आणि घरी येईपर्यंत भविष्यच वाचत बसायचे, वजनाकडे बघतंय कोण. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी घरात पलंगाखाली डिजिटल काटा आहे, त्याच्यातून भविष्य बाहेर पडत नाही, पण मी मात्र कितीतरी महिने रोज सकाळी त्या आकड्यातच ते शोधत होते आणि दोनशे ग्रॅम वाढलेले दिसले की दिवसभर घरच्यांवर डाफरत होते.

माझं थोडक्यात सांगते. भांडुपला राहते, फोर्टात नोकरी, उंची पाच फूट एक इंच. ८४ वरून ७१ वर आले आणि त्याला लागले २६ महिने. हो, सव्वीस. भागाकार करा, महिन्याला अर्धा किलो. मधल्या काळात आमच्या लेडीज डब्यातल्या एका मुलीने, लग्न ठरलं होतं तिचं, दोन महिन्यांत ९ किलो उतरवले (म्हण नवऱ्याची आहे, इथे नवरीच गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होती), सूप आणि कसलीतरी पावडर, बाकी काही नाही. लग्नात छान दिसली, खोटं का बोला. पुढच्या गणपतीपर्यंत नऊचे अकरा होऊन परत आले. तिला हसायचं म्हणून सांगत नाहीये, मीही याआधी चार वेळा तेच केलेलं आहे, एकदा तर घराजवळच्या एका क्लिनिकला 'दहा किलो गॅरंटी' म्हणून अठरा हजार भरून.

हा डाएट प्लॅन नाहीये. काय खायचं आणि किती वेळा खायचं ते सांगणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, 'दीक्षित की दिवेकर', म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, यावरून तर घराघरात दोन पार्ट्या पडल्या होत्या, एक म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, दुसऱ्या म्हणतात थोड्या थोड्या वेळाने खा. दोन्हीकडचे बारीक झालेले मी पाहिलेत आणि दोन्हीकडचे परत जाड झालेलेही पाहिलेत. मी सांगणार आहे ते मधल्या काळाचं, म्हणजे सगळं नीट चालू आहे, पण दिसत काहीच नाहीये, तेव्हा काय करायचं.

पहिली पायरी: वही घ्या आणि हिशोब मांडा

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. महिन्याला अर्धा किलो उतरवायचं तर ३८५०, त्याला तीसने भागा, दिवसाला १२८ च्या आसपास येतात. म्हणजे किती? एक मोठा चमचा तेल. बस्स. आता दुसऱ्या बाजूने बघा, महिन्याला ५०० ग्रॅम म्हणजे दिवसाला १६-१७ ग्रॅम चरबी. घरातला काटा बहुतेक वेळा १०० ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. म्हणजे तुम्ही सगळं शहाण्यासारखं केलंत तरी सहा दिवस त्या काट्याला पत्ताच लागत नाही, आणि तुम्ही एक ग्लास पाणी प्यायलात तर मात्र लगेच पाव किलो वर.

हा हिशोब मी जेव्हा पहिल्यांदा मांडला ना, तेव्हा माझी अर्धी चिडचिड तिथेच संपली. कारण वजन रोज एक-दीड किलो वरखाली होतंच, सगळ्यांचं होतं. रात्री गाडीवरचं चायनीज खाल्लं, पापड-लोणचं जास्त झालं की मिठामुळे अंगात पाणी धरून राहतं. पोट साफ झालं नाही की काटा वर. पाळीच्या आधी चार-पाच दिवस माझा काटा हमखास किलोभर वर जातो आणि नंतर आपोआप खाली येतो. नवीन व्यायाम सुरू केला, पाय दुखायला लागले, तेव्हाही स्नायू पाणी धरतात. एवढ्या गोंगाटात तुम्ही १७ ग्रॅमचा आवाज ऐकायला बघताय, ८.१२ च्या लोकलच्या गर्दीत उभं राहून मोबाइलवर कोणाची कुजबुज ऐकल्यासारखं आहे ते.

आणि लग्नात जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सव्वा किलो वाढलं म्हणून रडू नका. एका दिवसात खरोखर एक किलो चरबी चढवायची तर रोजचं जेवण करून शिवाय ७७०० कॅलरी जास्तीच्या खायला लागतील. वडापाव साधारण ३०० चा धरला तर पंचवीस वडापाव. खाल्ले होते का पंचवीस? नाही ना. मग ते पाणी आहे, दोन-तीन दिवसांत जाईल.

याच्या उलटी फसगत सुरुवातीला होते. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत दोन किलो गेले की आपण खूश, स्टेटसला टाकतो. ते बहुतेक पाणीच असतं. लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात, आणि ते ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी बरोबर घेऊन बसलेलं असतं. खाणं कमी केलं की तो साठा उतरतो, पाणी जातं, काटा धाडकन खाली. मग तिसऱ्या आठवड्यात खरी चरबी जायला लागते तेव्हा वेग एकदम बसतो आणि लोक म्हणतात, माझ्या शरीराला डाएट सूट होत नाही. नव्याचे नऊ दिवस संपले म्हणून सोडून देतात, आणि खरं काम तर दहाव्या दिवशी सुरू झालेलं असतं!

दुसरी: काट्यावर चढायचे नियम

सकाळी उठल्यावर, टॉयलेटला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच पातळ गाउनवर, आणि काटा त्याच फरशीवर. आमच्या बिल्डिंगमध्ये फरशा अशा आहेत की हॉलमध्ये एक वजन आणि किचनमध्ये दुसरं. रोज करणार असाल तर रोज लिहा आणि रविवारी सात आकड्यांची बेरीज करून सातने भागा, बघायचा तो तेवढा एकच आकडा. टोमॅटो एक दिवस ८० रुपये झाला म्हणून कोणी स्वयंपाक बंद करत नाही, महिन्याचा खर्च किती झाला ते बघतो आपण, तसंच.

रोज करायचं नसेल तर आठवड्यातून एकदा. पण ज्या बायकांना पाळी येते त्यांनी या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करूच नये, मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी, पाळी संपल्यानंतरचा पाचवा दिवस या महिन्यात किती आणि गेल्या महिन्यात किती, असं. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बऱ्याच रडारडी वाचल्या असत्या.

आणि आकडा बघून ज्यांचा दिवसच खराब होतो, उपाशी राहावंसं वाटतं किंवा उलट रागाने फरसाणाचा डबा उघडला जातो, त्यांनी काटा सरळ शेजारणीकडे ठेवायला द्यावा, महिन्यातून एकदा आणायचा.

तिसरी: काटा सोडून बाकीची मापं

शिंप्याची टेप घ्या, २० रुपयाला मिळते. महिन्यातून एकदा बेंबीच्या लेव्हलला कंबर मोजा, श्वास आत न ओढता (सगळे ओढतात). आपल्या भारतीय लोकांसाठी डॉक्टर जी मर्यादा धरतात ती बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा, पाश्चात्त्य लोकांपेक्षा आपली रेघ खाली आहे कारण आपली चरबी पोटावर जास्त बसते आणि शुगर लवकर पकडते. त्या हिशोबाने मी १३ किलो उतरवूनसुद्धा अजून लठ्ठच आहे, बीएमआय २९ च्या वर. वाचून दचकू नका, मीही दचकत नाही आता.

मला धीर दिला तो भलत्याच गोष्टींनी. पाचव्या महिन्यात काटा दोनच किलो खाली होता, पण नणंदेच्या बाळाच्या बारशाला जुना ब्लाउज काढला तर खांद्यावरून उतरायला लागला, टीप मारून घ्यायला लागली. इतकी वर्षं मी टिपा उसवूनच घेत आले होते! अंगठी साबणाशिवाय निघाली. भांडुप स्टेशनचा पूल मध्ये न थांबता चढले आणि वर पोचल्यावर फोनवर बोलू शकले. गुडघा जिना उतरताना कुरकुर करायचा तो कधी थांबला ते लक्षातही आलं नाही. अशा गोष्टी लगेच वहीत लिहून ठेवा, तारखेसकट, कारण आपण विसरतो आणि काटा काही आठवण करून देत नाही.

आणि रक्ताचा रिपोर्ट. माझं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.२ होतं, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, वजन फक्त साडेचार किलो उतरलं तेव्हा ते ५.८ आलं. डॉक्टर म्हणाल्या, वजनाच्या पाच टक्के गेले तरी शुगर-बीपीत फरक दिसायला लागतो, ८४ चे पाच टक्के म्हणजे चारच किलो की. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला, त्यात टार्गेट फक्त सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच होतं आणि डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे चेन्नईला असाच अभ्यास झाला, २००६ चा, तो मला जास्त आवडतो, कारण त्या लोकांचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं, तरीही खाणं-चालणं सुधारलेल्यांमध्ये डायबिटीस २८.५ टक्क्यांनी कमी झाला. काटा जागचा हलला नाही आणि आत काम होत होतं. ज्या दिवशी वैताग येईल त्या दिवशी हे चेन्नईवाले आठवा.

चौथी: एका वेळी एकच बदल, आणि तोही लाज वाटेल इतका छोटा

आपण आरंभशूर. सोमवारपासून साखर बंद, भात बंद, जिम चालू, पाच वाजता उठणं चालू, सगळं एकदम. गुरुवारी बंद.

मी सुरुवात तेलाने केली. आम्ही घरात चौघं, महिन्याला पाच लिटरचा कॅन लागायचा. भागाकार केला तर माणशी रोज ४२ मिली, जवळजवळ तीन मोठे चमचे. मी फक्त एवढं ठरवलं की कॅन पाच आठवडे पुरवायचा, नंतर बघता बघता महिन्याला चार लिटरवर आलो. एक लिटर कमी म्हणजे माणशी रोज आठ मिली, साधारण ७० कॅलरी. अर्धा किलोचं अर्धं काम तिथेच झालं आणि सासूबाईंनासुद्धा कळलं नाही, भाजीची चव तीच. (कळलं असतं तर घरात वेगळा विषय झाला असता.) कढईत बुदली उपडी करायची सोडून चमच्याने मोजून घालायचं, एवढीच युक्ती.

मग चहा. ऑफिसात दिवसाला चार कटिंग, प्रत्येकी दीड-दोन चमचे साखर. चमच्याला २० कॅलरी धरा. चहा सोडला नाही, चारचे दोन केले.

तिसरा बदल भूक शमवायचा. कमी खा म्हटलं की संध्याकाळी सहाला सीएसएमटीला पोट ओरडतं आणि समोर वडे तळत असतात, तिथे कोणाचीही जिद्द चालत नाही, माझी तर नाहीच. उपाय दुपारी करायचा असतो. डब्यात मटकी किंवा मुगाची उसळ जरा जास्त, दोन अंडी उकडून, ताक, रविवारी-बुधवारी मासे. प्रथिनं पोटात असली की संध्याकाळचा राक्षस शांत राहतो. पर्समध्ये मूठभर भाजलेले चणे, ते गाडीत बसायला जागा मिळाली की खायचे, उभं असाल तर विसरा.

चालण्याबद्दल एक गंमत सांगते, ते दहा हजार पावलांचं खूळ कुठल्या डॉक्टरने काढलेलं नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', दहा हजार पावलांचं मीटर, आकडा तिथून चिकटला. त्यामुळे सहा हजार झाली तर दिवस फुकट गेला असं समजू नका. मुंबईत नोकरी करणारा माणूस तसाही बराच चालतो. मी फक्त वाया जाणारा वेळ धरला, गाडी लेट असली की प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे दोन फेऱ्या केल्या तरी अर्धा किलोमीटर. दादरकडच्यांना शिवाजी पार्क आहे, बोरिवलीकरांना नॅशनल पार्क, आम्हा सेंट्रलवाल्यांना प्लॅटफॉर्म. पावसाळ्यात तर तोच बरा, वर छप्पर आहे.

प्रत्येक बदलाला एक-दीड महिना द्या. तो अंगवळणी पडला, म्हणजे आठवण न करता व्हायला लागला, की पुढचा.

पाचवी: वाईट दिवसाचा प्लॅन चांगल्या दिवशी लिहून ठेवा

मुलाची परीक्षा, सासऱ्यांचं हॉस्पिटल, मेगाब्लॉक, तुंबलेलं पाणी, मार्च एन्डिंग. हे येणारच, मग दर वेळी 'सगळं बिघडलं' म्हणून हातपाय का गाळायचे? माझा वाईट दिवसाचा प्लॅन तीन ओळींचा आहे, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. जेवण झाल्यावर दहा मिनिटं चालायचं, पॅसेजमध्ये का होईना. वहीत काहीतरी लिहायचं, 'आज काही जमलं नाही' असं लिहिलं तरी चालेल. सासरे ॲडमिट होते तेव्हा सलग १९ दिवस माझ्या वहीत हेच वाक्य आहे. पण वही बंद पडली नाही, विसाव्या दिवशी उसळ भिजत घातली.

एक वडापाव खाल्ला तर एकच वडापाव खाल्ला. 'आता मोडलंच आहे तर आजचा दिवस खाऊन घेऊ, उद्यापासून करू' हे जे वाक्य आहे ना, त्याने माझे जितके किलो वाढवलेत तितके वडापावने वाढवले नाहीत.

सणांचं काय?

आपल्याकडे 'जरा सण उरकू देत मग सुरू करते' म्हटलं तर सुरू करायला महिनाच उरत नाही. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांत, होळी, आणि सण संपले म्हणेपर्यंत आंबे. म्हणून मी वर्षाचे दोन भाग केले. गणपतीपासून दिवाळीपर्यंत वजन उतरवायचं नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. तेवढं जमलं की मी जिंकले. उकडीचे मोदक मी खाते, दोन, तूप घालून, बसून, टीव्ही न बघता. उभ्या उभ्या तोंडात टाकलेले नंतर आठवत नाहीत म्हणून ते नाहीत. फराळाचं म्हणाल तर चकली-शंकरपाळ्याचा डबा टेबलावर ठेवला की येता-जाता हात जातो, डबा वरच्या फळीवर, स्टुलावर चढून काढायला लागला पाहिजे.

उपवासाने बारीक होईन हा भ्रम मात्र काढून टाका. एकादशी आणि दुप्पट खाशी आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. खायची तर एक वाटी खिचडी आवडीने खा, पण तिला डाएट म्हणू नका.

लोकांच्या तोंडाला काय लावणार

सहा महिने तुम्ही मरमर करता आणि लग्नात मावशी विचारते, 'अगं, जाड झालीस का गं जराशी?' दुसरी काकू म्हणते, 'चेहरा उतरलाय, बरं नाहीये का?' दोघी एकाच पंगतीत! म्हणून मी पहिलं वर्षभर कोणालाही सांगितलं नव्हतं, नवरा आणि डब्यातली एक मैत्रीण सोडून. सगळ्या ग्रुपवर जाहीर केलं की शाबासकी आधीच मिळते आणि करायचा जोर ओसरतो, निदान माझं तरी असं होतं. त्या मैत्रिणीला मी दर रविवारी फक्त सरासरीचा आकडा पाठवते, ती अंगठा पाठवते. सल्ला नाही, लेक्चर नाही. असं एक माणूस शोधा.

रील बघणं कमी करा. तीन महिन्यांत वीस किलोवाले रोज समोर आले की आपले अर्धा किलो भिकारडे वाटायला लागतात.

काटा खरंच अडकला तर

चार आठवड्यांची सरासरी आणि टेप, दोन्ही हलले नाहीत, तरच अडकला म्हणायचं. चार दिवसांना अडकणं म्हणत नाहीत.

कारण बऱ्याचदा साधं असतं. ८४ किलोचं शरीर चालवायला जेवढं इंधन लागतं तेवढं ७६ किलोच्या शरीराला लागत नाही, म्हणजे ज्या जेवणाने आधी वजन उतरत होतं तेच जेवण आता जेमतेम पुरतं आहे. शिवाय कमी खाल्लं की शरीर नकळत हालचालही कमी करतं, आपण जास्त वेळ बसतो, लिफ्ट पकडतो. आणि तिसरं म्हणजे हात सैल होतो. मी ७६ वर अकरा आठवडे अडकले होते, मग एक आठवडा तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहिली, तर मुलाच्या ताटातलं उरलेलं, भाजी चाखणं, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक, एक-एक चकली, सगळं मिळून रोजचा एक वडापाव होत होता. नाव कोणाचं घेणार?

तेव्हा करायच्या गोष्टी दोनच. आठवडाभर खरं खरं लिहा. आणि दोन आठवडे मुद्दाम वजन उतरवायचा नाद सोडून पोटभर, पण शिस्तीत जेवा, झोप पुरी करा, मग परत लागा. थकलेल्या माणसाने आणखी कमी खायचं ठरवलं की शनिवारी रात्री बांध फुटतो.

डॉक्टरकडे कधी

सुरू करायच्या आधी एकदा जाच. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), शुगर, व्हिटॅमिन बी१२ आणि डी, एवढं तरी बघून घ्या, पालिकेच्या 'आपला दवाखाना'त बऱ्याच तपासण्या फुकट होतात. थायरॉइड किंवा पीसीओडी असेल तर वेग आणखी कमी असू शकतो, काही औषधांनीही वजन वाढतं, स्टिरॉइड किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण कमी करणं धोक्याचं, शुगर एकदम उतरू शकते, आधी विचारा. आणि काही न करता वजन आपोआप उतरायला लागलं तर खूश होऊ नका, त्याच आठवड्यात दाखवा.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं सगळे विचारतात. मौंजारो आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये. ज्यांना गरज आहे त्यांना डॉक्टर देतात आणि फरक पडतो, त्यात कमीपणा काही नाही, पण मैत्रिणीच्या चिठ्ठीवर केमिस्टकडून आणायची ती वस्तू नव्हे. बंद केल्यावर वजन परत यायला लागतं हेही आधीच विचारून घ्या. आणि खाऊन झाल्यावर मुद्दाम उलट्या काढणं, लपून खाणं, दिवस-दिवस उपाशी राहणं असं काही होत असेल तर काटा-टेप सगळं बाजूला ठेवून आधी त्यासाठी मदत घ्या, केईएम, सायन, नायर या हॉस्पिटलांत कुठेही मानसोपचाराची ओपीडी आहे.

आज रविवार आहे. सात दिवसांची सरासरी ७१.३, गेल्या रविवारी ७१.२, त्याआधी ७१.४, अडीच महिने झाले हेच चाललंय. कंबर गेल्या महिन्यापेक्षा एक सेंटिमीटर कमी. आकडा मैत्रिणीला पाठवला, तिचा अंगठा आला. आता बाजारात जाते, कोळीण मावशी दहाला बोंबील घेऊन बसते आणि साडेदहानंतर गेलं की बारकेच उरतात.